व्हॅन रंजनीला, पाने राणोजींना, तरुणशेठना काही नाही

मी, उमाकांत गोविंद आरोलकर, वय वर्षे बहात्तर, मूळचा वेंगुर्ल्याचा, नोकरीपुरता चेन्नईजवळच्या आवडी या गावातल्या संरक्षण कारखान्याचा आणि निवृत्तीनंतर अण्णा नगर, चेन्नई येथील रहिवासी, असे लिहून ठेवतो की माझे डोके ताळ्यावर आहे, सकाळची कॉफी झालेली आहे आणि हा मजकूर मी स्वतःच्या हाताने व स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. दडपण कोणाचेही नाही. पत्नीने आतल्या खोलीतून "एवढं काय लिहिताय?" असे दोनदा विचारले, ते मी दडपणात धरलेले नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नसल्याने रद्द करण्यासारखे काही नाही.

तब्येत उत्तम आहे. इतक्यात मरायचा विचार नाही. निमित्त एवढेच की डोळ्यांच्या डॉक्टरांनी उजव्या डोळ्यातला काचबिंदू दाखवला आणि यापुढे गाडी चालवू नका असे बजावले. घर, ठेवी, भांडीकुंडी यांचे माझ्या पश्चात कसेही निभेल. गाडीचे मात्र मी डोळ्यांदेखत ठरवणार आहे, कारण त्या गाडीवर माझ्या बायकोचा रविवार अवलंबून आहे. तो कसा, ते कलम चारमध्ये येईल.

कलम १. अण्णा नगर येथील दोन खोल्यांचा फ्लॅट, आतील सर्व सामानासह, माझी पत्नी सौ. शर्मिष्ठा हिच्या मालकीचा होईल. तिच्यानंतर तो आमचा एकुलता मुलगा मकरंद यास मिळेल. तिच्या हयातीत "आई, तू आमच्याकडेच राहायला ये, हा फ्लॅट भाड्याने देऊ" हा विषय मकरंदने वर्षातून एकदाच काढावा, आणि तोसुद्धा जेवण झाल्यावर.

कलम २. बँकेतील ठेवी, पोस्टातील रक्कम आणि जे काही उरेल ते सर्व शर्मिष्ठाला. या मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून मी मकरंदला नेमतो. तो सिरुसेरीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे, केळंबाक्कमला राहतो, कागदपत्रांना चोख आहे आणि गाड्यांच्या बाबतीत शुद्ध ढ आहे. बॉनेट कुठे आहे असे त्याने मला आमच्या व्हॅनबद्दल विचारले होते. तिचे इंजिन पुढच्या सीटखाली असते हे त्याला, त्या सीटवर बसून इतक्या वेळा पाय भाजून घेतल्यानंतरही, ठाऊक नव्हते. म्हणून व्यवस्थापक तो राहील, पण गाडीवर त्याचा अधिकार राहणार नाही.

कलम ३. सदर गाडी म्हणजे पाच माणसांची, सरकत्या दारांची, पांढरी, पेट्रोलवर चालणारी जुनी व्हॅन. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण तिची दुखणी कंपनीची नव्हेत, वयाची आहेत. मी निवृत्त झालो त्या वर्षी ती पुरसवाक्कमच्या तरुणशेठकडून घेतली. हे जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करतात. "एका डॉक्टरची गाडी आहे सर, फक्त देवळात जायची," असे त्यांनी मला शपथेवर सांगितले. पहिल्याच आठवड्यात मागच्या सीटखालचे मॅटिंग उचलले तर खाली वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्यांचा थर आणि त्याखाली गंजून चाळण झालेला पत्रा. गाडी कोयंबेडूच्या बाजारातून फुले वाहणाऱ्याची होती. ओल्या करंड्यांचे पाणी झिरपून तळ सडला होता. मी जाब विचारायला गेलो तेव्हा तरुणशेठ जराही न बिचकता म्हणाले, "डॉक्टर देवाला फुलं नेत असतील." तळाला नवा पत्रा जोडून घ्यायला आठ हजार गेले. ते मी मागितले नाहीत, त्यांनी दिले नाहीत. आम्ही आजही रस्त्यात भेटलो की एकमेकांना नमस्कार करतो. त्यांना मी या मृत्युपत्रान्वये काहीही देत नाही.

कलम ४. गाडी ज्याच्या ताब्यात जाईल त्याने तिचे स्वभाव जाणून घ्यावेत.

ती तापते. सीटखालून ऊब नेहमीपेक्षा जास्त लागली की काट्याकडे बघत बसू नये, गाडी बाजूला घ्यावी. बहुतेक वेळा होजपाइप चिरलेला असतो, तो दोन-तीनशेत बदलून मिळतो. दुर्लक्ष केले तर हेड गॅसकेट जाते आणि मग दहा-बारा हजारांना मरण नाही. कूलंटऐवजी नळाचे पाणी चालते असे सांगणाऱ्या माणसाशी फार संबंध ठेवू नये. क्लचप्लेट चेन्नईच्या गर्दीत चार वर्षांच्या पुढे टिकत नाही. सहा हजार बाजूला ठेवावेत. सेल्फ पावसाळ्यात कुरकुरतो, त्याचे बुश बदलले की गप्प बसतो. सायलेन्सर समुद्राच्या खाऱ्या हवेने सडतो, त्याला इलाज नाही, दर तीन वर्षांनी नवा घालावा. मागचे स्प्रिंगचे पाटे दर खड्ड्याला आवाज करतात. त्यांना करू द्यावा, मी त्यांच्यावर खर्च करणे सोडून दिले आहे.

राहिले डावे सरकते दार. त्याचा खालचा रोलर झिजला की दार अर्ध्यावर अडकते. रोलर आठशेच्या आत येतो आणि तो एक दिवसही लांबणीवर टाकायचा नाही. याचे कारण शर्मिष्ठा. चार वर्षांपूर्वी तिच्या खुब्याचे ऑपरेशन झाले. तेव्हापासून तिला खाली वाकून बसता येत नाही आणि पाय उंच उचलता येत नाही. मकरंदच्या गाडीत बसायचे म्हणजे विहिरीत उतरायचे, त्याच्या मित्राच्या मोठ्या गाडीत बसायचे म्हणजे माळ्यावर चढायचे. फोनवर मागवलेल्या टॅक्सीचा ड्रायव्हर तर आम्ही दाराशी पोचेपर्यंत रद्द करून गेलेला असतो. आमच्या व्हॅनची मागची सीट तिच्या खुब्याला बरोबर बेताची आहे. दार सरकवायचे, पाठ करून टेकायचे, पाय आत घ्यायचे. एवढ्या मोठ्या शहरात तिला कोणाचा हात न धरता चढता येईल असे हे एकच वाहन आहे.

आणि तिला चढायचे असते ते रविवारी, कोवलमला जायला (केरळातले नव्हे, चेन्नईच्या दक्षिणेचे कोळ्यांचे गाव). मी मासे खातो, ती मासे निवडते. होड्या लागल्यावर ती गाडीच्या दारातच बसते, कोळणी टोपल्या घेऊन तिच्यापुढे येतात, ती कल्ले उचलून बघते, नाक मुरडते, परत पाठवते. वेंगुर्ल्याच्या बंदरावर तिची आई हेच करायची. आठवड्यातले सहा दिवस ती खुब्याची पेशंट असते, रविवारी सकाळी नसते. मला या कागदात एवढेच सांभाळायचे आहे.

कलम ५. माझी सर्व हत्यारे, म्हणजे कारखान्यातून निवृत्तीच्या वेळी मित्रांनी दिलेला पान्यांचा संच, दोन जॅक, टॉर्क रेंच आणि लाकडी पेटी, पाडी येथील मेकॅनिक श्री. राणोजी यांना मिळतील. यांचे पूर्वज कधी काळी तंजावरला आले आणि तिथलेच झाले. त्यांची मराठी ऐकली की जुन्या बखरीतला माणूस स्पॅनर घेऊन उभा आहे असे वाटते. माझी मराठी त्यांना वर्तमानपत्रासारखी वाटते. इतकी वर्षे आम्ही गाडीखाली शेजारी-शेजारी पडून एकमेकांची भाषा सुधारत आहोत. माझा टॉर्क रेंच त्यांनी तीनदा नेला आणि तीनदा आठवण केल्यावर परत आणला. आता आठवण करणारा राहणार नाही, तेव्हा ठेवूनच घ्यावा.

कलम ६. आमच्या इमारतीच्या सचिव श्रीमती देविका यांनी पार्किंगमधल्या तेलाच्या डागाबद्दल मला आजवर असंख्य चिठ्ठ्या पाठवल्या. माझे म्हणणे होते की डाग वरच्या मजल्यावरच्या स्कूटरचा आहे. नंतर आमच्याच इंजिनचे ऑइल सील गेलेले निघाले. दोन हजारांत काम झाले, गळती थांबली, पण त्यांचे म्हणणे बरोबर निघाले याचा राग मला अजून आहे. यांनाही मी काही देत नाही.

कलम ७. आता वासाचा प्रकार.

मकरंदची पत्नी रंजनी ही इथलीच, तमिळ, आणि जन्मात मासे न खाल्लेली. इथल्या रीतीने ती मला मामा आणि शर्मिष्ठाला मामी म्हणते. तिच्या घरात मासे जाणार नाहीत हे आम्ही लग्नातच ठरवून टाकले. त्यामुळे रविवारी कोवलमहून निघाल्यावर आम्ही केळंबाक्कमला त्यांच्याकडे सांबारभात जेवायला जातो आणि मासे बर्फाच्या पेटीत, व्हॅनमध्ये, खाली पार्किंगला थांबतात. आम्ही खाली येईपर्यंत गाडीभोवती त्या सोसायटीची सगळी मांजरे सभा भरवून बसलेली असतात. सासू-सुनेत यावरून कधी भांडण झाले नाही. पण जवळीकही झाली नाही. दोघी एकमेकींशी शेजारणींसारख्या नीट वागत आल्या.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात गाडीला वास यायला लागला. माशाचा वास, उग्र. आमच्या घरात माशाच्या वासाचे कारण कोणी शोधत नाही. पेटी फुटली असेल म्हणून पेटी बदलली. मॅटिंग काढून धुतले, लिंबू-चिंचेने घासले, सीटची कव्हरे नवी शिवली, गाडी आतून धुणाऱ्या दुकानात दोनदा दिली. सगळे मिळून क्लचप्लेटएवढे पैसे गेले आणि वास तसाच. मकरंद म्हणाला, "बाबा, ती गाडी आता माशाचीच झालीय. काढून टाका." शर्मिष्ठाने ते मनाला लावून घेतले. ती म्हणाली, "माझ्यामुळे गाडी नासली. आता श्रावण लागतोच आहे, श्रावणानंतरही नको कोवलम." आणि खरोखरच रविवारी पहाटे उठेनाशी झाली. ती हिंदी मालिका लावून बसायची, पण बघत नव्हती. घरात माणूस असून घर रिकामे वाटायला लागले.

श्रावणात एका मंगळवारी रंजनीला अण्णा नगरच्या हॉस्पिटलमध्ये रक्ताच्या तपासणीला न्यायचे होते. ती माझ्या शेजारी पुढे बसली. मी ब्लोअर लावला. थोड्या वेळाने तिने खिडकी खाली केली, पुन्हा वर केली, ब्लोअर बंद केला, पुन्हा लावला.

"मामा, हा मासा नाही," ती म्हणाली.

"अगं, जुना वास आहे. मुरलाय."

"मासे मागे ठेवता ना तुम्ही? वास पुढून येतो. फॅन लावला की येतो, बंद केला की जातो. आणि तुमचा श्रावण चालू आहे. महिनाभर मासेच नाहीत, मग कुठल्या माशाचा?"

"तुला कसं कळणार गं, तू कधी खाल्लेस?"

"खात नाही म्हणूनच कळतं. तुम्हाला तो वास आला की भूक लागते. मी इतकी वर्षं तो वास येऊ नये म्हणून खिडक्या लावतेय. मला तो पाठ आहे, मामा. हा तो नाही. गाडी थांबवा."

मी तशीच पाडीला नेली. राणोजींनी डॅशबोर्डखाली डोके घातले आणि बराच वेळ बाहेर काढले नाही. बाहेर आले ते ब्लोअरच्या प्लगचा वितळून काळा पडलेला तुकडा घेऊन. "सार, येथें फ्यूजच नाहीं. कोणी शाणा मनुष्य फ्यूजच्या जागीं जाड तार घालून ठेवला आहे. वायर आंतल्या आंत जळतें, त्याचाच हा वास. प्लास्टिक जळालें कीं ऐसाच मासळीचा वास येतो. अय्यो, आणखी थोडे दिवस जातें तर गाडीच पेटतें कीं!" मग रंजनीकडे बघून ते तमिळमध्ये जे बोलले त्याचा अर्थ, या बाईंना माझ्या दुकानावर कामाला पाठवून द्या, असा होता.

नवा प्लग, नवी वायर, खरा फ्यूज मिळून नऊशे रुपये. दुसऱ्या दिवशी वास गेला. हेही नमूद करतो की मासे खाणाऱ्या आरोलकरांच्या गाडीत तो वास आला म्हणून तो माशाचा ठरला. दुसऱ्या कोणाच्या गाडीत आला असता तर पहिल्याच आठवड्यात कोणीतरी वायर तपासली असती. आम्हाला तिने वाचवले, आणि शर्मिष्ठाचा रविवार परत आणला. श्रावण संपल्यावरच्या पहिल्याच रविवारी शर्मिष्ठा माझ्याआधी उठून तयार होती.

कलम ८. सबब उपरोक्त व्हॅन, तिची कागदपत्रे, दोन वर्षांपूर्वी नूतनीकरण केलेली नोंदणी, जास्तीचे टायर आणि एक नवाकोरा रोलर यांसह, मी माझी सून सौ. रंजनी हिला देतो. ती गाडी चालवू शकते. तिची स्वतःची गाडी बिनक्लचची, त्यामुळे गेले चार महिने रविवारी दुपारी जेवण झाल्यावर सिरुसेरीच्या ओस पडलेल्या रस्त्यांवर मी तिला गिअर शिकवले. शिकवा असे तिनेच मला सांगितले. का, ते मी विचारले नाही आणि तिने सांगितले नाही.

(अट: सौ. रंजनी हिने सौ. शर्मिष्ठा हिला हयातभर दर रविवारी कोवलम येथे नेऊन आणावे. अन्यथा व्हॅन राणोजींकडे जाईल.)

वरील कंसातील मजकूर मी रेघ मारून काढून टाकला असून बाजूला सही केली आहे. कारण पुढीलप्रमाणे.

इथपर्यंतचे सर्व मी पोंगलच्या सुट्टीत लिहिले आणि शर्मिष्ठाला वाचून दाखवले. फ्लॅटला ती काही बोलली नाही, ठेवींना बोलली नाही. अटीला म्हणाली, "ही काढा."

"का? तुझ्यासाठीच घातलीय."

"अट घातलीत की ती तुमच्यासाठी येईल. दर रविवारी नाक दाबून येईल, आणि मी मागे बसून ते बघू? यायचं असेल तर माझ्यासाठी येऊ दे. नसेल यायचं तर गाडी तिची, तिला हवं ते करू दे. विकू दे हवी तर."

"मग कोवलमचं काय?"

"मग काय, नाही जायचं," असे म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. मला त्या रात्री नीट झोप लागली नाही. अट ठेवावी तर तिचा मान जातो आणि काढावी तर रविवार जातो. मी रेघ मारली नाही, कागद उशीखाली ठेवला.

मकरंद-रंजनी पोंगलला आमच्याकडे आले होते. शनिवारी मकरंद परत गेला, त्याला काम होते. रंजनी राहिली. आज रविवारी सकाळी मी उठलो तर ती व्हॅनची किल्ली हातात घेऊन, अर्धे लिंबू रुमालात बांधून दाराशी उभी. "मामी, चला. उशीर झाला तर चांगले मासे जातात ना?" या कागदाबद्दल तिला काहीही माहीत नव्हते, हे मी शपथेवर लिहितो.

मी सवयीने पुढच्या दाराकडे गेलो. ती म्हणाली, "मामा, तुम्ही मागे बसा. मी गिअर टाकला की तुम्ही शेजारी पाय दाबता, मग मी चुकते." मग मी मागे बसलो.

कोवलमला ती गाडीतून उतरली नाही. लिंबू नाकाशी धरून समोर बघत होती. मागे शर्मिष्ठाचा सौदा चालला होता, आवडीच्या क्वार्टर्समध्ये शिकलेल्या तिच्या त्या तमिळमध्ये. वंजरम, म्हणजे आपली सुरमई, कोळणीने सांगितली त्या भावाला शर्मिष्ठा तयार होत आली होती. एकदम रंजनीने खिडकीतून मान बाहेर काढली आणि तमिळमध्ये असे काही सुनावले की शेजारच्या दोन टोपल्यांचाही भाव उतरला. सुरमई जवळजवळ निम्म्या भावात आली.

शर्मिष्ठा बघतच राहिली. "इतकी वर्षं कुठे होतीस गं?"

"घरी, मामी. खिडक्या लावून."

दोघी हसल्या. त्यांना एकत्र हसताना मी आज पहिल्यांदा ऐकले. परतल्यावर मी उशीखालचा कागद खाली आणला आणि गाडीतच बसून अटीवर रेघ मारली.

कलम ९. माझे क्रियाकर्म साधे करावे. तेराव्याचा खर्च वाचवून त्यात सायलेन्सर बदलावा, तो यंदा जाणार आहे.

साक्षीदारांविषयी. ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये असा नियम आहे. मला आवडणाऱ्या सगळ्यांना मी काही ना काही दिलेले असल्याने त्यातला एकही चालेना. म्हणून ज्यांना काही दिलेले नाही अशा दोघांना बोलावले. श्रीमती देविका पार्किंगमध्ये माशांचा वास आला म्हणून खाली येतच होत्या, त्यांनी नाकाला पदर लावून सही केली. तरुणशेठ पुरसवाक्कमहून मुद्दाम आले, सही केली आणि गाडी विकायची असेल तर आपल्याला सांगा म्हणाले. रंजनीने त्यांना तमिळमध्ये उत्तर दिले. मी दोघांचाही मनापासून आभारी आहे, पण कलम तीन आणि सहा कायम आहेत.

आणखी एक लिहायचे राहिले. ऑपरेशनपासून शर्मिष्ठा मागे बसते आणि मी पुढे गाडी चालवतो. चार वर्षे ती मला आरशात अर्धी दिसत आली आहे आणि बाकीची इंजिनच्या आवाजातून ऐकू येते. ईस्ट कोस्ट रोडवर समुद्र दिसला की ती दर वेळी "दिसला" म्हणते, हे मला माहीत होते. पण म्हणताना ती शेजारच्या रिकाम्या सीटवर हात टेकते, हे माहीत नव्हते. आज तिथे माझा हात होता. मला फार बरे वाटले. डॉक्टरांनी गाडी सोडायला सांगितली याचे दुःख मी या मृत्युपत्रातून वगळत आहे.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही केले आहे.

उमाकांत गोविंद आरोलकर (सही)

साक्षीदार:
१. देविका, सचिव, सदर इमारत (सही)
२. तरुण, जुन्या गाड्यांचे व्यापारी, पुरसवाक्कम (सही)

दिनांक: रविवार, १८ जानेवारी २०२६

ठिकाण: अण्णा नगर, चेन्नई. इमारतीच्या पार्किंगमध्ये उभी व्हॅन, मागची सीट, शर्मिष्ठाच्या शेजारी.